मंगळावरचे शेजारी

रायपूर शहरातील तात्यापारा ही वस्ती महाराष्ट्रातील श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या ऐकिवातही नसेल. ‘पारा’ म्हणजे छत्तीसगढीत मोहल्ला. आणि ‘तात्या’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगावयास नको. एकाच नावात दोन भाषांनी असा संसार थाटलेला आहे, आणि त्या संसाराच्या आश्रयाने आमच्या घराच्याही चार पिढ्या येथे गेल्या. आम्ही घरात मराठी बोलतो, कचेरीत हिंदी बोलतो, आणि भाजीवालीशी घासाघीस करण्याची वेळ आली म्हणजे छत्तीसगढीवर येतो. कारण त्या भाषेत नकारसुद्धा फार गोड लागतो.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे महालक्ष्म्या बसावयाच्या होत्या. पुण्यामुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात, त्याच या. नागपूर-वऱ्हाडच्या चालीने आम्ही त्यांना महालक्ष्म्या म्हणतो. वर्षभर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत निजलेले पितळी मुखवटे खाली काढून मी चिंच लावून घासत बसलो होतो. इतक्यात माझा पुतण्या समोर येऊन बसला. हा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि परग्रहावरील प्राण्यांविषयी त्याला जितकी माहिती आहे तितकी स्वतःच्या चुलत्यांविषयी नाही. त्याच्या हातात एक कागद होता.

“काका,” तो म्हणाला, “युरोप-अमेरिकेत हल्ली ख्रिस्तपूर्व काळातल्या देवदेवतांची पूजा पुन्हा सुरू करणारे पंथ आहेत. आणि विज्ञानकथांत परग्रहवासीयांच्या जाती आहेत. कोणता पंथ कोणत्या जातीसारखा, याची मी यादी केली आहे.”

“कर बापडा,” मी म्हणालो, “पण तो हात मुखवट्यावरून काढ.”

त्याची यादी समजावी म्हणून या पंथांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. इंग्लंडात जादूटोण्याविषयीचा १७३५ सालचा कायदा १९५१ साली रद्द झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, म्हणजे १९५४ साली, जेरल्ड गार्डनर नावाच्या गृहस्थांनी पुस्तक लिहून असे जाहीर केले की, चेटकिणींचा म्हणून जो जुना धर्म, तो इंग्लंडात अजून जिवंत आहे. हे गृहस्थ मलायात जकात खात्यात नोकरी करून परतलेले होते. दडवलेला माल उघडकीस आणणे हा त्या खात्याचा धर्मच आहे. त्यातून जो पंथ वाढला त्याला ‘विक्का’ म्हणतात. इकडे आइसलँडात काही मंडळींनी थोर, ओडिन या जुन्या दैवतांचा संघ १९७२ साली स्थापन केला. एक शेतकरी कवी त्यांचे प्रमुख होते, आणि पुढल्याच वर्षी सरकारने त्या संघास रीतसर मान्यताही दिली. शिवाय ड्रुइड आहेत, ग्रीक देवांचे भक्त आहेत, आणि ज्यांना अजून देव सापडलेला नाही पण झगा शिवून तयार आहे, असेही बरेच आहेत.

पुतण्याच्या यादीत थोर-ओडिनच्या उपासकांसमोर ‘क्लिंगॉन’ असे लिहिले होते. १९६६ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, तीतली ही लढवय्यी जात. पूर्वजांची नावे घेऊन मोठ्याने गाणे, शिंगातून मद्य पिणे, आणि अपमान झाला की नाही याची अहोरात्र चौकशी करणे, हे दोघांतले साम्य. या क्लिंगॉनांसाठी मार्क ओक्रँड नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने एक अखंड भाषा रचून दिली, १९८५ साली तिचा कोश निघाला, आणि तीत ‘हॅम्लेट’चे भाषांतरही झाले. तो कोश पुतण्याच्या संग्रही आहे. हे ऐकताना माझ्या मनात एक आकडा उगाचच घोळू लागला. आमच्या या छत्तीसगडातले हिरालाल काव्योपाध्याय यांनी छत्तीसगढी भाषेचे व्याकरण लिहिले ते १८८५ साली. बरोबर शंभर वर्षे आधी. पुढे ग्रियर्सनसारख्या पंडिताला ते इंग्रजीत आणावेसे वाटले. चार पिढ्यांत ते आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत आलेले नाही. क्लिंगॉन मात्र आले.

दुसरी जोडी ‘व्हल्कन’ लोकांची. यांचे कान टोकदार असतात आणि हे आपल्या भावना दाबून ठेवतात. जे काही करावयाचे ते तर्काने. पुतण्याने त्यांच्यापुढे अशा उपासकांना बसवले होते की जे जुन्या ग्रंथात आधार सापडल्याशिवाय देवाला फूलसुद्धा वाहत नाहीत. मी म्हटले, यांच्यासाठी इतक्या दूर जावयास नको होते. दाते पंचांग आणि टिळक पंचांग यांच्या वादात सबंध सण हुकवणारे एक आजोबा आमच्या नात्यात होते. कान तेवढे गोल होते. व्हल्कनांची एक मौज मात्र पुतण्याने सांगितली ती खरी मौजेची आहे. बोटांच्या दोन-दोनच्या जोड्या फाकवून ते जो नमस्कार करतात, तो त्या भूमिकेतील नट लेनर्ड निमॉय याने लहानपणी ज्यू प्रार्थनामंदिरात पुरोहितांना आशीर्वाद देताना पाहिला होता. म्हणजे सोळा प्रकाशवर्षांवरचा म्हणून जो नमस्कार दाखवला, तो बॉस्टनच्या एका गल्लीतला निघाला.

विक्कापंथीयांची मंडळे लहान असतात. परंपरेने तेरा माणसांच्या वर संख्या गेली की मधमाशांचे मोहोळ फुटते तसे मंडळ फुटून दुसरे निघते. पुतण्याने त्यांच्यासमोर दुभंगून वाढणारा कोणी एक प्राणी लिहिला होता. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांचा ज्यांना अनुभव आहे, त्या श्रोत्यांपुढे या प्राण्याचे अधिक वर्णन करणे मला प्रशस्त वाटत नाही. आमची फूट पडावयास तेरा माणसेही लागत नाहीत.

मग ‘बोर्ग’ नावाची एक भयंकर जात आली. हे सारे एका मनाने चालतात, समोरच्याला गाठतात, प्रतिकार करण्यात अर्थ नाही असे बजावतात आणि त्याला आपल्यात सामावून घेतात. पुतण्याला त्यांच्यासाठी पंथ सापडत नव्हता. “महालक्ष्म्यांच्या पंक्तीत वाढणाऱ्या बायका लिही,” मी सुचवले. पाचवी पुरणपोळी पानात पडताना नको नको म्हणणाऱ्या पाहुण्याचा चेहरा ज्याने पाहिला असेल त्याला बोर्गांचे भय वाटणार नाही.

ड्रुइडांपाशी मात्र आम्ही थोडे थांबलो. हे लोक उन्हाळ्यात सर्वांत मोठ्या दिवशी स्टोनहेंज येथील प्रचंड शिळांपाशी पहाटे जमतात आणि आपल्या प्राचीन मंदिरात सूर्याचे स्वागत करतात. आता त्या शिळांचे काम सुरू झाले सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, आणि इतिहासाला जुने ड्रुइड दिसू लागतात ते त्यानंतर अडीच हजारांहून अधिक वर्षांनी. यावर पुतण्या पोट धरधरून हसला, आणि त्यांच्यापुढे त्याने काळातून मागेपुढे हिंडणारी एक जात मांडली. मी त्याला विचारले, “हरेली कोणत्या महिन्यात येते?”

“श्रावणात.”

“आणि आपली दिव्यांची अवस?”

“आषाढात.”

“दोन्ही एकाच दिवशी असतात, हे तुझ्या लक्षात आले आहे काय?”

ते त्याच्या लक्षात आलेले नव्हते. मलाही पन्नाशी उलटेपर्यंत आले नव्हते. आमचा महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात आम्ही आणि आमचे शेजारी एकाच महिन्यात नांदतो, आणि वद्य पक्ष लागला की ते एक महिना पुढे निघून जातात. मधल्या नऊ इंची भिंतीच्या अल्याड आषाढ असतो, पल्याड श्रावण. आम्ही पाटावर समया, निरांजने मांडून दिव्यांची पूजा करीत असतो, त्याच वेळी पलीकडे नांगर, कुदळी, कोयते धुऊन त्यांची पूजा चाललेली असते, दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या खोचलेल्या असतात, आणि गुळाचे चिले तव्यावर असतात. पोळ्याचेही तसेच. बैल तेच, झूल तीच, दिवसही तोच. आम्ही त्याला श्रावणी अमावास्या म्हणतो आणि ते भाद्रपदाची म्हणतात. काळयंत्रावाचून इतका प्रवास करणारे लोक ड्रुइडांना हसतात!

हरेलीचा विषय निघाला तेव्हा गेडी आठवली. गेडी म्हणजे बांबूच्या दोन उंच काठ्या; पाय ठेवावयास खुंट्या बांधलेल्या. त्यांवर चढून मुले चिखलातून खटखट करीत चालतात. लहानपणी पावसाच्या झडीत ही उंच माणसे गल्लीच्या टोकाला दिसली की मला धडकी भरे. पुढे एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या स्वारीची १८९८ सालची कादंबरी वाचली, आणि तीन पायांच्या उंच यंत्रांत बसून येणारे ते मंगळवासी मला पाहिल्याबरोबर ओळखीचे वाटले. एकच पाय जास्त होता.

त्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात वेल्सने आपल्या देशबांधवांना एक टोला दिलेला आहे. मंगळावरच्यांना निर्दय म्हणण्यापूर्वी आपण टास्मानियातल्या माणसांचे काय केले ते आठवा, असा त्याचा आशय आहे. १९३८ साली ऑर्सन वेल्सने तीच कथा अमेरिकेच्या रेडिओवर बातम्यांच्या थाटात सादर केली तेव्हा काही श्रोते घाबरले, आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी ते घाबरणे पुष्कळ वाढवून सांगितले. टास्मानियाचे वाक्य मात्र फारसे कोणाला आठवत नाही. घाबरण्याची कल्पना मनुष्य हौसेने स्वीकारतो. आपल्याला कोणी घाबरले असेल ही त्याला रुचत नाही.

तात्यापाऱ्यात राहून मला हे बोलणे प्राप्त आहे. १७४१च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत बंगालच्या वाटेवर असताना रतनपुरावर येऊन थडकले. तेथील हैहय घराण्याचा राजा रघुनाथसिंह वृद्ध होता. शेकडो वर्षे नांदलेले ते राज्य जवळजवळ लढाईवाचून संपले. आम्ही शाळेत हे अटकेपार झेंड्याच्या चालीवर शिकलो. पण रतनपूरच्या वेशीवर उभ्या असलेल्या माणसाने क्षितिजावर धूळ पाहिली असेल, त्या धुळीतून वेगळ्याच भाषेत ओरडणारी, वेगळीच पागोटी बांधलेली माणसे बाहेर पडली असतील, तेव्हा त्याला जे वाटले असेल तेच वेल्सने पुढे दीडशे वर्षांनी लिहिले. बंगालच्या आया तर अजून पाळण्याशी ‘बर्गी’ आल्याचे गाणे म्हणतात. ते बर्गी म्हणजे आपले बारगीर.

पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपुरास राहिले, त्यांनी रामटेकडीवर राममंदिर बांधले, आणि विजयादशमीला सोने म्हणून पाने देण्याची चाल इकडे त्यांच्यापासून पडली असे छत्तीसगडच्या इतिहासाच्या पुस्तकांत सांगतात. तीस वर्षांत मंगळवासी दसऱ्याला पाने वाटू लागले. एवढ्या वेगाने माणसाळलेली दुसरी परग्रहवासी जात पुतण्याच्या यादीत नव्हती.

“पण काका,” तो म्हणाला, “खरेखुरे परग्रहवासीही इथे येऊन गेले असे म्हणतातच की.” ते मला ठाऊक होते. रायपूरहून जगदलपूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे धमतरीच्या पुढे चारामा लागते. त्या भागात चंदेली आणि गोटीटोला या गावांजवळ खडकांवर फार जुनी चित्रे आहेत. २०१४ साली वर्तमानपत्रांत मोठी बातमी आली की, ही चित्रे परग्रहावरील माणसांची आणि त्यांच्या उडत्या तबकड्यांची असावीत. आकृत्यांना नाक-तोंड नाही. एका आकृतीला पंख्यासारखी काहीतरी जोड आहे, आणि खाली तीन पाय आहेत. पुन्हा तीन पाय! गावकऱ्यांत ‘रोहेला’ नावाच्या बुटक्या लोकांची दंतकथा आहे. ते आकाशातून गोल वस्तूतून उतरत आणि एखाददुसऱ्या माणसाला घेऊन जात, असे म्हणतात. काही लोक त्या चित्रांची पूजाही करतात. बातमी वाचून आमच्या ओळखीतली बरीच सुशिक्षित मंडळी चारामाला जाण्याचे बेत करू लागली. आदिवासींनी काढलेली चित्रे पाहण्यासाठी यांपैकी कोणी त्यापूर्वी पन्नास पैशांचे तिकीट काढले नसते. त्या चित्रकाराच्या हातावर कोणाचा विश्वास बसेना. तारकांवरून कोणी आला असेल यावर तात्काळ बसला. नाक-तोंड न काढता माणूस दाखवणे, हे चित्रकाराने बुद्धीने ठरवले असेल हे आपल्याला सुचत नाही. मीही घरात मुखवट्यांखाली पत्र्याचे धड उभे करून त्याला देवी म्हणतो, तेव्हा कोणी मंगळाकडे बोट दाखवीत नाही.

जयंत नारळीकरांसारख्या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या विज्ञानकथासंग्रहाला नाव दिले तेही ‘यक्षांची देणगी’. झाडाखाली, तळ्याकाठी ज्यांना गावकरी नैवेद्य ठेवीत, ते यक्ष. आकाशातल्या पाहुण्याला हाक मारावयाची तर ती जुन्या पाराखालूनच मारावी लागते.

यादीच्या शेवटी पुतण्याने आपला हुकमी पत्ता ठेवला होता. १९६१ साली रॉबर्ट हाइनलाइन या लेखकाची एक कादंबरी निघाली. तिचा नायक मनुष्यच, पण मंगळावर वाढलेला. मंगळावर पाणी दुर्मिळ. म्हणून एकाच पेल्यातून दोघांनी पाणी पिणे हे तेथील सर्वांत पवित्र नाते. १९६२ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यातल्या काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी ही कादंबरी इतकी मनावर घेतली की, एकमेकांना पाणी पाजून त्यांनी बंधुत्व जोडले, आणि त्यातून एक खराखुरा पंथच निघाला. तो पुढे निसर्गपूजकांत गणला जाऊ लागला. “म्हणजे इथे साम्यच नाही, काका, पंथ आणि परग्रह एकच!” पुतण्या विजयी मुद्रेने म्हणाला. “आणि विधी काय, तर पाणी पिणे! रायपूरच्या मे महिन्यात कुठल्याही पाणपोईवर हा धर्म फुकट मिळाला असता.”

मी हसलो. पण पुतण्याच्या पाठीमागे मागल्या दाराजवळचा कोनाडा आहे, तिकडे माझी नजर गेली.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्या कोनाड्यात एक पितळेचा पेला पालथा घातलेला असे. सरपण घेऊन येणाऱ्या बाईंसाठी तो होता. त्या आल्या म्हणजे तो स्वतः उचलीत, आजी वरून पाणी ओती, त्या पीत, पेला विसळून पुन्हा पालथा घालीत. हे इतके सुरळीत चाले की, त्यात काही आहे असे आम्हा मुलांना कधी वाटलेच नाही. एका हरेलीला गेडीवरून गल्लीभर हिंडून मी घामाघूम होऊन मागल्या दाराने आत आलो आणि हाताशी आला तो पेला बादलीत बुडवून घटाघटा पाणी प्यायलो. आजीने मला जागच्या जागी उभे करून डोक्यावरून पाणी ओतले. ती बादलीही ओतून टाकली. माझी आजी दुष्ट नव्हती हो. त्याच बाईंच्या मुलीच्या लग्नात तिने स्वतःच्या पेटीतले लुगडे काढून दिले होते. त्या दिवशी बाई अंगणातच होत्या. मोळी उतरवीत होत्या. त्यांनी सारे पाहिले. काही बोलल्या नाहीत. त्यांना तहान लागली असेलच, पण त्या दिवशी पाणी न मागता गेल्या.

दोन माणसांनी एका पेल्यातून पाणी पिणे हा मंगळावरचा विधी आहे, असे लेखकाला का लिहावेसे वाटले असेल, हे मला पुतण्याला समजावून सांगता आले नाही. त्या कोनाड्यात आता त्याच्या इंटरनेटचे यंत्र आहे. तीन शिंगे वर करून ते रात्रंदिवस लुकलुकते.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या आल्या. श्रोत्यांना ठाऊकच आहे की, त्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर परत जातात. तिन्ही नक्षत्रे वृश्चिकाच्या आसपासची. हे ऐकून पुतण्या चमकला. ज्येष्ठा म्हणजे पाश्चात्त्यांचा अंटारेस हा तांबडा तारा. त्याच्या ग्रीक नावाचा अर्थच मंगळाचा प्रतिस्पर्धी, आणि तेथून प्रकाश यावयास सुमारे साडेपाचशे वर्षे लागतात. “नक्षत्र पाहून उतरतात, सोळा भाज्या जेवतात, तिसऱ्या दिवशी निघून जातात, आणि धड-डोके वेगळे करून अकरा-बारा महिने पेटीत राहतात,” त्याने बोटांवर मोजले. “काका, आपल्या यादीत सगळ्यांत चमत्कारिक जात आपणच.” यादीत आमच्या घरापुढची जागा त्याने कोरी ठेवली होती. ती भरावयास त्याने कागद काढला.

संध्याकाळी हळदीकुंकवाला शेजारची आजी आपल्या सहा-सात वर्षांच्या नातीला घेऊन आली. आमच्या आजीच्या काळी या घरचे पाणी आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड येत नसे. मुलगी मखरासमोर उभी राहिली. भरजरी लुगडी, नाकात नथी, वर टांगलेला फुलोरा, आणि न लवणारे डोळे. ती बराच वेळ पाहत होती. मग तिने आमच्या सौ.ना विचारले, “ये मन कहाँ ले आए हें?”

सौ. म्हणाल्या, “मइके आए हें.” माहेरी आल्या आहेत.

मुलीच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला. छत्तीसगडात भाद्रपद शुद्ध तृतीयेला, आपल्या हरतालिकेच्या दिवशी, तीजा असतो. सासरी गेलेल्या लेकी त्यासाठी माहेरी येतात. पण तीजा होऊन चार दिवस उलटले होते. तिने तो हिशेब मनाशी केला असावा. “तीजा तो हो गे,” ती काळजीने म्हणाली.

“दुरिहा ले आए हें न, देरी हो गे,” पुतण्या म्हणाला.

साडेपाचशे वर्षांच्या रस्त्याने आलेल्या लेकींना उशीर व्हावयाचाच, हे मुलीला पटले. इकडे पाहुणा दारी आला की आधी तांब्याभर पाणी त्याच्यापुढे ठेवतात. तिने इकडेतिकडे पाहिले. पाण्याचा तांब्या कुठे दिसेना. मग ती कोणाला न विचारता आत गेली, माठातले पाणी तांब्यात भरले, दोन्ही हातांनी धरून सांडत-सांडत आणले आणि दोघी महालक्ष्म्यांच्या मध्ये ठेवले.

सकाळपासून सोवळ्यात वावरलेल्या आमच्या सौ. माझ्याकडे पाहू लागल्या. मी पुतण्याच्या हातातला कागद पाहत होतो. मूळ नक्षत्र लागून मुखवटे उतरवीपर्यंत तो तांब्या तेथेच होता.